अर्बन फँटसी कुणाला सुचवायची, कुठली आणि कितव्या भागापासून

"वाचायला काहीतरी भन्नाट सांग ना. जादूचं, भुताखेतांचं, पण लहान मुलांचं नको." असं कुणी म्हटलं की आपल्या तोंडून आपल्या सगळ्यात आवडत्या मालिकेचं नाव आपसूक निघतं. समोरचा उत्साहानं पहिला भाग मिळवतो, साठ-सत्तर पानं वाचतो आणि ठेवून देतो. महिन्याभरानं विचारलं तर "नाही जमलं बुवा" एवढंच. मालिका चांगली असते आणि वाचकही चांगला असतो. त्यांची नीट ओळख करून द्यायची तेवढी राहून गेलेली असते.

अर्बन फँटसी आणि पॅरानॉर्मल (अमानवी शक्तींच्या) कादंबऱ्यांत हे वारंवार घडतं. मालिका दहा-पंधरा भागांच्या असतात आणि त्यातल्या अनेकींचा पहिला भाग ही त्या लेखकाची पहिलीच प्रसिद्ध झालेली कादंबरी असते. जिम बुचरची 'स्टॉर्म फ्रंट' (२०००), इलोना अँड्र्यूज यांची 'मॅजिक बाइट्स' (२००७), शॉनन मग्वायरची 'रोझमेरी अँड रू' (२००९), या सगळ्या पदार्पणाच्या कादंबऱ्या. लेखकाचा हात बसतो तो दुसऱ्या-तिसऱ्या भागात. म्हणून नुसतं नाव सांगणं ही अर्धीच शिफारस. कुठून सुरुवात करायची, कुठवर धीर धरायचा, कुठे थांबलं तरी चालेल आणि आत काय टोचू शकतं, हेही सांगायला हवं. ते कसं सांगायचं, ते पायरीपायरीनं पाहू.

पहिली पायरी: हातातली मालिका नक्की कशाची आहे ते ओळखा

अर्बन फँटसी म्हणजे आपल्या ओळखीच्या जगातली, खऱ्या शहरातली, आजच्या काळातली जादू. शिकागो, लंडन, अटलांटा, मॉस्को. रस्ते खरे, पोलीसठाणी खरी, पण गल्लीच्या टोकाला व्हॅम्पायर राहतो. ही परंपरा जुनी आहे. एमा बुलची 'वॉर फॉर दि ओक्स' १९८७ची, मिनियापोलिस शहरात घडणारी. लॉरेल के. हॅमिल्टनची अनिता ब्लेक १९९३मध्ये सेंट लुईस शहरात उतरली आणि पुढच्या कितीतरी खमक्या नायिकांची वाट तिनं मोकळी केली.

पॅरानॉर्मल रोमान्स हे याचंच भावंड, पण त्याचा स्वभाव वेगळा. तिथे साधारणपणे प्रत्येक भागात नवी जोडी असते आणि भाग संपताना त्या दोघांचं सुखात जमलेलं असतं. अर्बन फँटसीत एकच नायक किंवा नायिका भागामागून भाग चालत राहते. प्रेमप्रकरण असलंच तर पाच-पाच भाग रेंगाळतं.

ओळखायची सोपी युक्ती अशी: कथेतून प्रेमकहाणी काढून टाकल्याची कल्पना करा. तरीही सोडवायला एक भानगड शिल्लक राहत असेल, तर ती अर्बन फँटसी. काहीच उरत नसेल तर रोमान्स. दोन्ही प्रकार तितकेच मानाचे आहेत, पण एकाच्या वाचकाला दुसरा प्रकार न सांगता दिला तर तो फसवल्यासारखा चिडतो आणि ते चिडणं रास्त असतं.

दुसरी पायरी: विचारा, आणि उत्तर ऐकून घ्या

"तुला फँटसी आवडते का?" हा प्रश्न फारसा कामाचा नाही. त्यापेक्षा विचारा: अलीकडे रात्री जागून संपवलेलं पुस्तक कुठलं? ते कुठल्याही प्रकारचं असू दे. कुणी पोलीस-तपासाची कादंबरी सांगेल, कुणी ऐतिहासिक, कुणी धारपांची. उत्तरात वाचकाची भूक दिसते. तपासाची ओढ असलेल्याला गुन्हा लागतो, ऐतिहासिकवाल्याला जुनं जग आणि त्याचे नियम लागतात.

मग हेही विचारा: अर्धवट राहिलेली मालिका सोसते का? काही जणांना शेवट हातात असल्याशिवाय सुरुवातच करवत नाही. जिम बुचरच्या 'द ड्रेस्डेन फाइल्स' या मालिकेचा पंधरावा भाग २०१४मध्ये आला आणि सोळाव्यासाठी २०२० उजाडलं. अशी वाट पाहणं सगळ्यांना झेपत नाही.

इंग्रजी वाचनाची सवय किती, हेही हळुवारपणे काढून घ्या. मराठी माध्यमातून शिकलेल्या, इंग्रजी कादंबऱ्यांकडे नुकत्याच वळलेल्या वाचकाला बुचरची सरळ, बोलकी भाषा सोपी जाते. 'रिव्हर्स ऑफ लंडन' ही मालिका लिहिणाऱ्या बेन आरोनोविचची लंडनी बोली आणि पोलिसी लघुरूपं सुरुवातीला अडखळवतात. प्रवासात ऐकणाऱ्यांसाठी हिशेब उलटा होतो. आरोनोविचची ऑडिओबुकं कोब्ना होल्डब्रुक-स्मिथ यांनी अशी काही वाचली आहेत की पानावर अडणारी बोली कानाला सहज कळते.

तिसरी पायरी: जोड जमवा

*तपासकथा आवडणाऱ्याला: 'रिव्हर्स ऑफ लंडन'.* माझ्या मते नवख्या वाचकासाठी यासारखं दुसरं दार नाही. पीटर ग्रँट हा लंडनच्या पोलीसदलातला अगदी नवा शिपाई. कॉव्हेंट गार्डनमध्ये खुनाच्या जागेवर रात्री पहारा देताना त्याला एक साक्षीदार भेटतो, आणि तो साक्षीदार भूत असतो. पीटर काय करतो? जबाब घेतो. या मालिकेची सगळी गंमत त्या एका कृतीत आहे. पुढे तो रसेल स्क्वेअरमधल्या 'फॉली' नावाच्या वास्तूत थॉमस नाइटिंगेल या जादूगार अधिकाऱ्याचा शिकाऊ होतो. या जगात जादूची शास्त्रशुद्ध मांडणी आयझॅक न्यूटननं केलेली आहे आणि तिचे मंत्र लॅटिनमध्ये आहेत. जादूनं मोबाइलमधल्या चिपची वाळू होते, म्हणून पीटर फोन वाचवायची युक्ती काढतो, प्रयोग करतो, नोंदी ठेवतो. तुमच्या ओळखीत कुणी इंजिनिअर असेल आणि "जादूत लॉजिक नसतं" म्हणत असेल, तर त्याला हेच पुस्तक द्या.

आपल्या वाचकाला यात आणखी एक धागा सापडतो. इथल्या नद्या म्हणजे देवता आहेत, माणसांच्या रूपात शहरात वावरणाऱ्या. थेम्सच्या खालच्या प्रवाहाची अधिष्ठात्री नायजेरियातून आलेली एक स्त्री आहे, तिच्या मुली म्हणजे लंडनच्या उपनद्या, आणि वरच्या प्रवाहाच्या म्हाताऱ्या थेम्सबाबाशी त्यांचा हद्दीचा वाद आहे. गोदामाई, कृष्णामाई म्हणत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. नदीची ओटी भरणारी आजी ज्यानं पाहिली आहे त्याला ही पात्रं पहिल्या भेटीतच घरची वाटतात.

सोबत दोन गोष्टी नक्की सांगा. पहिला भाग (२०११) अमेरिकेत 'मिडनाइट रायट' या नावानं निघाला होता, त्यामुळे जुन्या पुस्तकांच्या दुकानात दोन्ही नावं दिसली तर पुस्तक एकच आहे. आणि पहिल्या भागापासून चाललेलं मोठं प्रकरण सातव्या, 'लाइज स्लीपिंग' (२०१८) या भागात निकालात निघतं. शेवट हवा असणाऱ्याला तिथे समाधानानं थांबता येतं.

*नारायण धारपांच्या समर्थकथांवर वाढलेल्याला: 'द ड्रेस्डेन फाइल्स'.* दुष्ट शक्ती, तिच्याशी झुंजणारा जाणता माणूस, आणि आपण त्याच्या मागोमाग अंधारात. धारपांनी (१९२५–२००८) मराठी वाचकाला ही गोडी फार आधी लावली. हॅरी ड्रेस्डेन हा त्या जातकुळीतला, पण धारपांच्या समर्थांसारखा स्थितप्रज्ञ नव्हे. शिकागोच्या टेलिफोन डिरेक्टरीत 'जादूगार' म्हणून रीतसर नाव असलेला, भाडं थकलेला, तोंडाळ आणि हट्टी. पहिले दोन भाग सुटसुटीत तपासकथा आहेत. तिसऱ्या 'ग्रेव्ह पेरिल'पासून (२००१) मोठं कथानक फिरू लागतं, आणि चौथ्या 'समर नाइट'मध्ये (२००२) या जगाचा आवाका समजतो. माझा सल्ला असा की पहिल्यापासूनच वाचायला सांगा, पण निकाल चौथ्यानंतर द्यायला सांगा. ज्याच्याकडे तेवढा धीर नाही त्याला सातवा भाग 'डेड बीट' (२००५) थेट दिला तरी चालतो, कारण तो नव्या वाचकाला सांभाळून घेतो. हॅरी स्त्रियांचं वर्णन ज्या नजरेनं करतो ती नजर अनेक वाचकांना, विशेषतः स्त्रियांना, खटकते. सुरुवातीच्या भागांत हे जास्त आहे. आधीच सांगा.

मतकरींच्या गूढकथांचा भक्त मात्र वेगळा. त्याला शेवटची ओळ वाचून पाठीवर काटा यायला हवा असतो. अर्बन फँटसीत भीतीपेक्षा झुंज जास्त. त्याला प्रामाणिकपणे सांगा की हा प्रकार तुमच्या त्या भुकेचा नाही, आणि तरीही चाखायचाच असेल तर सर्गेई लुक्यानेंकोची 'नाइट वॉच' बघा. मूळ रशियन, १९९८ची, इंग्रजीत उत्तम उतरलेली. मॉस्कोत प्रकाशाचे आणि अंधाराचे असे दोन पक्ष तहाखाली राहतात. प्रकाशाची माणसं रात्री अंधारवाल्यांवर पाळत ठेवतात, अंधाराची माणसं दिवसा प्रकाशवाल्यांवर. कोण बरोबर, हे पुस्तक संपलं तरी मनात धुमसत राहतं. एका पुस्तकात तीन दीर्घकथा असल्यानं एक वाचून थांबायचीही सोय आहे.

*पूर्ण झालेलीच मालिका हवी असणाऱ्याला: केट डॅनियल्स.* इलोना अँड्र्यूज हे एका नवरा-बायकोचं जोडनाव. त्यांच्या अटलांटात जादू लाटांसारखी येते. लाट आली की गाड्या बंद, दिवे बंद, फोन मुके. ओसरली की जादू निकामी आणि बंदुका पुन्हा चालू. गगनचुंबी इमारती या जादूच्या माऱ्यानं ढासळत चालल्या आहेत. मुख्य कथा दहा भागांत, 'मॅजिक ट्रायम्फ्स' (२०१८) इथे पुरी होते. पहिला भाग घाईत रचल्यासारखा वाटतो, नावं आणि संघटना अंगावर येतात. तिसऱ्या 'मॅजिक स्ट्राइक्स'मध्ये (२००९) मालिका खरी पेट घेते, आणि तिथे आपल्या पुराणांतले राक्षस भेटतात. परक्या शहरात त्यांना ओळखण्याचा आनंद वाचकाचा त्यालाच घेऊ द्या, याहून जास्त सांगू नका.

*हलकंफुलकं, गावगप्पांच्या चवीचं हवं असेल तर:* शार्लीन हॅरिसची सूकी स्टॅकहाउस. लुइझियानातल्या बाँ टाँ या काल्पनिक गावातली, लोकांच्या मनातलं ऐकू येणारी वेट्रेस. जपानी कृत्रिम रक्त बाजारात आल्यामुळे व्हॅम्पायर उजळ माथ्यानं वावरू लागले आहेत. तेरा भाग, २००१ ते २०१३. 'ट्रू ब्लड' ही टीव्ही मालिका याच्यावरच बेतलेली, पण पुढे दोन्हींच्या वाटा इतक्या वेगळ्या होतात की मालिका पाहिलेल्यालाही पुस्तकं नवी वाटतात.

*प्रेमकथा हवी असेल तर:* नलिनी सिंग. फिजीत जन्मलेली, न्यूझीलंडमध्ये वाढलेली ही लेखिका. तिची 'साय-चेंजलिंग' मालिका 'स्लेव्ह टू सेन्सेशन'पासून (२००६) सुरू होते. भावनांवर बंदी घातलेला एक बुद्धिमान समाज आणि स्पर्शावर जगणारी बिबट्या-माणसं यांची गाठ. शृंगार मोकळा आहे, ते सांगून द्या.

भारतातलं काही हवं म्हणणाऱ्याला श्वेता तनेजाची अनंत्या सुचवा. दिल्लीत अघोरी गुन्हे उकलणारी तांत्रिक बाई. सुरुवात 'कल्ट ऑफ केऑस'पासून. रक्तपात भरपूर आहे, नाजूक मनाच्या माणसाला नको.

आणि दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी, विशेषतः परदेशात वाढणाऱ्या आपल्या भाचवंडांसाठी, रोशनी चोक्सीची अरू शहा. ही मुलगी अटलांटातल्या संग्रहालयात एक दिवा पेटवते आणि महाभारत जागं होतं. पाच भाग, २०१८ ते २०२२, गोष्ट पुरी झालेली.

चौथी पायरी: जे टोचेल ते आधी सांगा

ही पायरी लोक गाळतात, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. या मालिका मुखपृष्ठावरून मौजेच्या दिसतात. आत मात्र कधी कधी फार जड काहीतरी असतं.

पॅट्रिशिया ब्रिग्जची मर्सी थॉम्प्सन हे उत्तम उदाहरण. वॉशिंग्टन राज्यातल्या ट्राय-सिटीज भागात फोक्सवॅगन गाड्या दुरुस्त करणारी, वेअरवुल्फांमध्ये, म्हणजे लांडग्याचं रूप घेणाऱ्या माणसांमध्ये वाढलेली, स्वतः कायोटी या लांडग्यासारख्या छोट्या प्राण्याचं रूप घेणारी मेकॅनिक. पहिला भाग 'मून कॉल्ड' (२००६) पहिल्याच भागात जमून आलेल्या दुर्मीळ मालिकांपैकी आहे, म्हणून तो सर्रास सुचवला जातो. पण तिसऱ्या 'आयर्न किस्ड'मध्ये (२००८) नायिकेवर लैंगिक अत्याचार होतो. लेखिकेनं तो प्रसंग आणि त्यानंतरची तिची अवस्था जबाबदारीनं लिहिली आहे. तरीही ज्या मैत्रिणीला आपण हे पुस्तक देतो, तिच्या आयुष्यात काय घडून गेलं आहे हे आपल्याला ठाऊक असतंच असं नाही. "तिसऱ्या भागात असा प्रसंग आहे, हवं तर वाचण्याआधी माझ्याशी बोल" एवढं वाक्य पुरतं. कथानक त्यानं फुटत नाही.

'रिव्हर्स ऑफ लंडन'ला लोक हसतंखेळतं पुस्तक म्हणतात, पण पहिल्याच भागात एका तान्ह्या बाळाचा मृत्यू आहे. घरात नुकतं बाळ आलेल्या वाचकाला हे ठाऊक असू दे.

अनिता ब्लेक देताना वेगळा इशारा लागतो. पहिले नऊ भाग गुन्हेगारी आणि भयाचे आहेत. दहाव्या 'नार्सिसस इन चेन्स'पासून (२००१) कामवर्णनं इतकी वाढतात की मालिकेचा पोतच बदलतो. काहींना तेच आवडतं. आईला किंवा सासूबाईंना भेट देण्याआधी कितवा भाग हातात आहे ते बघा.

पाचवी पायरी: क्रम लिहून द्या

प्रकाशनाच्या क्रमानं वाचा, हा नियम शंभरातल्या नव्वद वेळा बरोबर असतो. घोटाळा होतो तो मधल्या लघुकादंबऱ्यांचा. ब्रिग्जचीच 'आल्फा अँड ओमेगा' ही जोडमालिका घ्या. तिची पहिली कादंबरी म्हणून सगळीकडे 'क्राय वुल्फ' (२००८) दिसते, पण गोष्ट सुरू होते 'ऑन द प्राउल' (२००७) या संग्रहातल्या एका दीर्घकथेत. ती न वाचता 'क्राय वुल्फ' उघडलं की दोन माणसं एकमेकांकडे अशी का बघताहेत तेच समजत नाही, आणि आपलंच एखादं पान निसटलं असं वाटतं.

बुचरचे 'पीस टॉक्स' आणि 'बॅटल ग्राउंड' हे २०२०मधले दोन भाग मुळात एकाच पुस्तकाचे झाले. पहिला भर रस्त्यात थांबतो. दोन्ही हाताशी ठेवूनच सुरू करायला सांगा.

आणखी एक: पुढच्या भागांच्या मागच्या पानावरचा मजकूर वाचू नये असं बजावा. पाचव्या भागाच्या ओळखीतच तिसऱ्याचा शेवट फुटलेला असतो. ऑनलाइन खरेदी करताना तर सगळे भाग एका खाली एक दिसतात आणि नजर पडतेच. म्हणून पहिल्या दोन-तीन भागांची नावं कागदावर किंवा व्हॉट्सअॅपवर स्वतःच लिहून द्या.

सहावी पायरी: शिफारस मोजक्या ओळींत

कथानक सांगत बसू नका. समोरच्याला आवडलेल्या गोष्टीपासून सुरू करा, एक चित्र द्या, सुरुवात कुठून ते सांगा, इशारा द्या, आणि नाही म्हणायची मोकळीक ठेवा. उदाहरणार्थ, मित्राला:

"तुला तपासकथा आवडतात म्हणून सांगतोय. लंडनचा एक नवखा शिपाई भुताचा जबाब नोंदवतो, इथून गोष्ट सुरू होते. 'रिव्हर्स ऑफ लंडन', पहिल्या भागापासूनच वाच. बोली थोडी अवघड आहे, पन्नासेक पानांनी कान बसतो. मध्ये एका बाळाचा मृत्यू आहे, तेवढं लक्षात ठेव. नाही रमलास तर सोडून दे, दुसरं सुचवतो."

आणि वाचनाची आवड असलेल्या काकूंना:

"काकू, तुम्ही समर्थकथा किती आवडीनं वाचायचात, तसंच एक इंग्रजीत आहे. शिकागोत राहणारा जादूगार, पोलिसांना मदत करतो. भाषा सोपी आहे. पहिली दोन पुस्तकं ठीकठाक आहेत, पण चौथ्यापर्यंत याल तेव्हा मला फोन कराल. बायकांबद्दल तो जरा आगाऊपणे बोलतो, तेवढं सांभाळून घ्या. पहिलं पुस्तक मीच आणून देते."

पहिला भाग शक्यतो स्वतः द्या, नाहीतर ग्रंथालयातून मिळवून द्या. पूर्ण संच कधीही भेट देऊ नका. दहा पुस्तकांचा ढीग समोर आला की वाचणाऱ्यावर ओझं येतं, आणि मग आवडलं नाही हे सांगायचीही चोरी होते.

त्यानंतर

रोज "कुठवर आलं?" विचारू नका. पहिला भाग संपायला पुरेसा वेळ गेला की एकदाच विचारा, आणि तेही "आवडलं का?" असं नको, "कोण आवडलं?" असं. उत्तरात पात्राचं नाव आलं तर पुढचा भाग तयार ठेवा. "जग छान आहे, पण..." असं आलं तर मालिका बदला. जादूची रचना आवडली आणि माणसं नाही आवडली, तर आरोनोविचकडून अँड्र्यूजकडे. माणसं आवडली आणि मारामारी नको झाली, तर बुचरकडून हॅरिसकडे. प्रेमाची वाट बघून कंटाळा आला तर सरळ नलिनी सिंग.

कुणी मालिका मध्येच सोडली तर का सोडली ते विचारून लिहून ठेवा. कुणाला लांडगे चालत नाहीत, कुणाला प्रथमपुरुषी निवेदन नको असतं, कुणाला रक्त बघवत नाही. वर्षभरात अशी पाच-सहा माणसांची टिपणं जमली की पुढच्या वेळी "काहीतरी भन्नाट सांग" म्हणणाऱ्याला आवडत्या मालिकेचं नाव फेकण्याआधी तुमचाच हात आधी त्या वहीकडे जाईल.